सुरतेचे उपरे

सुरत म्हटले की मराठी माणसास प्रथम आठवतात त्या शिवछत्रपतींच्या दोन धाडी. १६६४ च्या जानेवारीत एकदा आणि १६७० च्या ऑक्टोबरात दुसऱ्यांदा मराठी फौजा तापीकाठी उतरल्या, आणि मोगली साम्राज्याचे हे श्रीमंत बंदर हादरून गेले. या दोन धाडींच्या मधल्या काळात, १६६९ साली, त्याच शहरात आणखी एक प्रकार घडला. त्यात तलवार उपसली गेली नाही, घरे जळाली नाहीत, म्हणून आपल्या शाळकरी इतिहासात त्याला जागा मिळाली नाही. आज मला ज्या प्रश्नाविषयी बोलावयाचे आहे, त्याची सुरुवात मात्र त्या प्रसंगापासूनच करणे सोयीचे होईल.

त्या वर्षी सुरतेच्या काजीने तेथील वाण्यांवर धर्मांतराची सक्ती चालविली होती. धमकी द्यावी, पैसा उकळावा, एखाद्याला बळजबरीने बाटवावे, असा प्रकार सुरू झाला. वाण्यांच्या पुढाऱ्यांनी आपसांत मसलत केली. इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख जेराल्ड आंजियर याची भेट घेऊन त्यांनी विचारले की, आम्हांला मुंबईत आसरा द्याल काय? आंजियर सावध गृहस्थ होता. बादशहाचा रोष ओढवून घेण्याची त्याची तयारी नव्हती. तूर्त अहमदाबादेस जा आणि तेथून दरबारी दाद मागा, असा सल्ला त्याने दिला. त्यानंतर सप्टेंबर महिन्यात, बायकामुले आप्तांच्या स्वाधीन करून, सुमारे आठ हजार वाणी सुरत सोडून भडोचच्या वाटेला लागले. काजीने त्यांना अडविण्याविषयी शहराच्या सुभेदारास सांगितले. परंतु हे बादशहाचे प्रजाजन आहेत, त्यांना मुलखात कोठेही जाण्याची मोकळीक आहे, असे म्हणून त्याने हात झटकले. इकडे सुरतेत जकातीचे नाके ओस पडले, टांकसाळ बंद झाली, व्यापारास पैसा मिळेनासा झाला. अखेर बादशहाकडून अभयाचे आश्वासन आले, आणि डिसेंबरात ही मंडळी शहरात परतली.

या हकीकतीत लक्षात घेण्याजोगे काय आहे? वाणी गेले, शहर थांबले आणि सत्तेला नमावे लागले, हे तर खरेच. परंतु आठ हजार माणसे एका दिवशी, एका विचाराने, दंगा न करता बाहेर पडू शकली, ती त्यांच्यामागे महाजन होते म्हणून. महाजन म्हणजे व्यापाऱ्यांची पंचायत. ती तंटे तोडी, वर्गणी गोळा करी, आणि वेळ आली की सर्वांच्या वतीने बोले. ज्याच्या वतीने बोलणारे कोणी आहे त्याचा असंतोष अर्जाच्या, वाटाघाटीच्या, फार झाले तर बहिष्काराच्या रूपाने प्रकट होतो. ज्याच्या वतीने बोलणारे कोणी नाही त्याचा असंतोष कोणते रूप घेतो, हे पाहावयास सुरतेच्याच अलीकडच्या इतिहासात यावे लागते.

तत्पूर्वी जुन्या सुरतेविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. हे शहर कधीही केवळ सुरतकरांचे नव्हते. पारशी, बोहरी, आर्मेनियन, तुर्क, अरब, हबशी, वलंदेज, इंग्रज आणि फ्रेंच असे नाना लोक येथे येत व राहत. मोगली अंमल या परक्यांना अटी घालून ठेवून घेई. १६१८ साली सर टॉमस रो याने इंग्रजांसाठी ज्या सवलती मिळविल्या, त्यांत घर भाड्याने घेण्यास मुभा होती. विकत घेण्यास अथवा बांधण्यास मनाई होती. किती जणांनी हत्यार बाळगावे यालाही मर्यादा होती. म्हणजे आजच्या भाषेत बोलावयाचे तर ते परवान्यावरचे रहिवासी. याच परवानाधारक पाहुण्यांनी १७५९ मध्ये सुरतेचा किल्ला हस्तगत केला आणि १८०० साली उरलासुरला कारभारही आपल्या हाती घेतला. परक्यांपासून शहरास धोका असतो असे जे म्हणतात, त्यांनी हे उदाहरण अवश्य द्यावे. मात्र या परक्यांचे कागदपत्र अगदी चोख होते, हेही सांगावे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरतेचा व्यापार मुंबईकडे वळला आणि शहरास उतरती कळा लागली. १७९५ साली गोरगरीब मुसलमानांच्या जमावाने वाणी-सराफांच्या पेढ्यांवर हल्ला केला, आणि त्यात हिशेबाच्या वह्याही नष्ट केल्या. या दंग्यास धर्माचे नाव मिळाले. परंतु ज्या दंग्यात वही फाडली जाते त्याचे मूळ कोठे शोधावयाचे, हे सुज्ञांस सांगणे नको. पुढची दीडशे वर्षे आपण ओलांडून जाऊ. तो काळ जरीकामाचा, हातमागाचा आणि गतवैभवाच्या आठवणींचा होता.

१९६१ च्या शिरगणतीत सुरत शहराची लोकसंख्या २ लाख ८८ हजार होती. २०११ मध्ये ती ४४ लाख ६७ हजार झाली. मधल्या काळात शहराच्या सीमा वाढल्या हे खरे. तरी पन्नास वर्षांत पंधरापट ही वाढ पाळण्यातली नव्हे, ती रेल्वेच्या फलाटावरची आहे. कृत्रिम रेशमाच्या कापडाचे यंत्रमाग, रंगाई-छपाईच्या गिरण्या आणि हिऱ्यांना पैलू पाडण्याचा धंदा या तिहींनी माणसे ओढून आणली. सौराष्ट्रातील पाटीदार हिऱ्यांकडे आले. तेलंगणातील पद्मशाली मागावर आले. उत्तर प्रदेश आणि बिहार येथून लोक गिरण्यांत आले. ओरिसाच्या, म्हणजे आजच्या ओडिशाच्या, गंजाम जिल्ह्यातून तरुणांचे तांडेच्या तांडे यंत्रमागावर आले. आणि खानदेशातून आली ती आपली माणसे.

खानदेशाचा आणि सुरतेचा संबंध तापी नदीइतकाच जुना आहे. परंतु माणसांचा लोंढा वाहू लागला तो १९०० च्या सुमारास तापी खोऱ्यातील रेल्वे अमळनेरपर्यंत पोहोचल्यानंतर. उधना, बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा ही स्थानके एका धाग्यात ओवली गेली. अवर्षण पडले, बागाईत बुडाली, भाऊबंदकीत शेताचे तुकडे झाले, की धुळे-जळगावकडचा माणूस पुण्यामुंबईऐवजी याच गाडीत बसे. सुरत त्याला मुंबईपेक्षा जवळ होती, आणि एके काळी तीही मुंबई इलाख्यातच होती. तेव्हा परप्रांतात चाललो आहोत अशी भावना होण्याचे कारणच नव्हते.

१ मे १९६० रोजी ते कारण निर्माण झाले. महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये झाली. त्या वाटणीत पश्चिम खानदेशच्या नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा आणि तळोदा या तालुक्यांतील १५६ गावे गुजरातेकडे गेली. या गावांतला शेतकरी आपल्या ओसरीवरून न हलता गुजराती प्रजाजन झाला, आणि पलीकडच्या गावातला त्याचा मावसभाऊ सुरतेच्या दृष्टीने परप्रांतीय ठरला. नवापूरच्या रेल्वे स्थानकावर ही रेषा आजही पाहावयास मिळते. स्थानक वाटणीच्या आधीचे. सीमा त्याच्या मधूनच गेली. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरची कचेरी गुजरातेत, आणि एक बाक असा की त्याचा अर्धा भाग एका राज्यात व अर्धा दुसऱ्यात. प्रवासी हौसेने त्यावर बसून फोटो काढतात. उपरा कोण आणि मूळचा कोण, हे ठरविणारी रेषा किती अलीकडची आणि किती बारीक असते, हे त्या बाकाइतके स्पष्ट क्वचितच कोठे दिसत असेल.

खानदेशी माणसांचा दुसरा एक प्रवाह शहरात न जाता बारडोलीच्या उसाच्या फडांत गेला, आणि या विषयाची खरी किल्ली मला तेथे सापडते. १९५५ साली बारडोलीस शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना स्थापन झाला. मागोमाग दक्षिण गुजरातेत असे इतर कारखाने उभे राहिले. ऊस तोडावयास माणसे पाहिजेत. त्या मुलखात हळपती समाजाचे हजारो भूमिहीन मजूर कामाच्या शोधात होतेच. त्यांना पूर्वी दुबळा म्हणत, आणि पिढ्यान्‌पिढ्या ते पाटीदारांच्या घरी हाळी म्हणून, म्हणजे जवळजवळ वेठीने, राबत आले होते. असे असता कारखान्यांनी तोडीसाठी माणसे आणली ती दूर धुळे-नंदुरबारकडच्या आदिवासी आणि इतर गरीब कुटुंबांतून. मुकादम पावसाळ्यात गावोगाव फिरून उचल द्यावयाचा, आणि दिवाळीच्या सुमारास नवराबायकोचा आणि त्यांच्या पोराबाळांचा असा एकेक ‘कोयता’ गाडीत घालून आणावयाचा. माणसांची मोजणी माणसांनी नव्हे, हत्याराने होई. रस्त्याच्या कडेला बांबू-पाचटाच्या खोप्या घालून हे लोक उन्हाळ्यापर्यंत राहत आणि हंगाम संपला की परत जात.

डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन १९६० च्या दशकाच्या आरंभापासून या भागात हिंडले आहेत. त्यांनी प्रश्न असा विचारला की, दाराशी माणूस रिकामा असता दुरून दुसरा का आणावा? उत्तर साधे आणि अप्रिय आहे. दाराशी असलेल्या मजुराला घर असते, नातलग असतात, आजारीपण असते, आणि मजुरी पटली नाही तर घरी बसण्याची सोय असते. बाहेरून आलेल्याला यांतले काहीच नसते. तो रात्री दोन वाजता गाडी भरावयास उठतो, कारण तो खोपीतच राहतो. तो भांडत नाही, कारण उचल फेडावयाची असते. आणि हंगाम संपल्यावर त्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही. म्हणजे तो उपरा असूनही त्याला काम मिळाले असे नसून, तो उपरा आहे म्हणूनच त्याला काम मिळाले. इकडे हळपती आपला गाव सोडून वीटभट्ट्यांवर आणि मिठागरांवर गेला. तेथे उपरा तो. दोघेही एकमेकांना आपल्या पोटावर पाय देणारे समजले, तर त्यात नवल नाही. त्या दोघांना अशा रीतीने समोरासमोर उभे करणारा हिशेब मात्र त्यांच्यापैकी कोणीच मांडलेला नव्हता.

हाच हिशेब सुरतेच्या मागांवर चालला. एका छपराखाली शेकडो माग असावेत, पण कागदोपत्री ते निरनिराळ्या मालकांच्या नावे लहानलहान तुकड्यांत विभागलेले असावेत, म्हणजे कारखान्यांच्या कायद्याची कटकट टळते. पाळी बारा तासांची. मजुरी कापडाच्या मीटरवर. गंजामचा तरुण एकटाच येतो आणि ‘मेस’मध्ये राहतो. मेस म्हणजे एक लांब खोली. तीत पथारीला पथारी लागलेली. दिवसपाळीचा माणूस ज्या जागेवरून उठून कामाला जातो, त्याच जागेवर रातपाळीचा येऊन पडतो. २०११ च्या शिरगणतीत सुरत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे अवघ्या ७८७ स्त्रिया आढळल्या. या एका आकड्यात मेसचे सारे जीवन आले. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी केंद्राने १९७९ साली कायदा केला खरा. परंतु त्याची भिस्त ठेकेदाराच्या नोंदीवर होती. गंजामचा मुलगा काकाच्या किंवा गावकऱ्याच्या ओळखीने येतो. त्याला आणणारा ठेकेदार कागदावर नसतो, आणि म्हणून तोही नसतो.

सौराष्ट्रातून आलेला पाटीदारही एके काळी असाच उघड्यावर आला होता, हे येथे सांगितले पाहिजे. पण त्याची भाषा शहराची होती. त्याने बायकामुले आणली, वराछा रस्त्यावर जागा घेतल्या, सोसायट्या उठविल्या, ज्ञातीची मंडळे, वसतिगृहे आणि पतपेढ्या काढल्या. एका पिढीत घंटीवर हिरा घासणाऱ्याचा कारखानदार झाला. जुन्या वाण्यांना जे महाजन होते ते यांनी नव्याने उभारले. खानदेशी मंडळी या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहेत. लिंबायत, उधना, दिंडोली या बाजूस त्यांची मोठी वस्ती झाली. गणपती बसू लागले, अहिराणी कानी पडू लागली. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले आणि गुजरात पोलिसांत शिपाई म्हणून नोकरीस आरंभ केलेले सी. आर. पाटील २००९ पासून नवसारी मतदारसंघातून लोकसभेवर निवडून येत आहेत, आणि त्या मतदारसंघात सुरतेचा बराच भाग मोडतो. कोणाला त्यांचे राजकारण रुचो वा न रुचो. उपऱ्याला मत मिळाले की त्याचे उपरेपण कसे झिजते, याचे ते उदाहरण आहे.

आता अशांततेकडे वळू. सुरत हे दंग्याधोप्याचे शहर नव्हते. १९६९ साली अहमदाबाद पेटले असता सुरतेने आपला तोल राखला होता. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येची मशीद पाडली गेली आणि त्यानंतरच्या दिवसांत सुरतेत जे घडले त्याने सगळ्यांनाच धक्का बसला. दोनशेच्या आसपास माणसे मारली गेली. त्यांत फार मोठी संख्या मुसलमानांची होती. स्त्रियांवर जे अत्याचार झाले ते या ठिकाणी उच्चारण्यासारखे नाहीत. अभ्यासकांचे लक्ष वेधले ते या गोष्टीने की, तटाच्या आतील जुने शहर, जेथे हिंदू-मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या भिंतीला भिंत लावून राहत आले होते, ते मानाने पुष्कळ शांत राहिले. आग भडकली ती कडेच्या नव्या औद्योगिक वस्त्यांत. आशुतोष वार्ष्णेय यांनी हिंदुस्थानातील दंग्यांवर लिहिलेल्या ग्रंथात या फरकाची मीमांसा केली आहे. जुन्या शहरात व्यापारी मंडळे होती. जरीचा हिंदू व्यापारी आणि मुसलमान कारागीर यांचे पोट एकमेकांवर अवलंबून होते. अफवा उठली की दोन्हीकडचे वडीलधारे रस्त्यावर येत. नव्या वस्त्यांत वडीलधारे असे कोणी नव्हतेच. शेजारी होता, पण त्याचे नाव ठाऊक नव्हते.

यावरून ‘दंगा बाहेरच्यांनी केला’ असा निष्कर्ष काढणे सोपे होते, आणि शहरातील पुष्कळ प्रतिष्ठितांनी तो काढलाही. तो पुरा खरा नाही. मारणाऱ्यांत बाहेरून आलेले होते तसे बरे खाणारे-पिणारे स्थायिकही होते. आणि मारले गेले त्यांतही पुष्कळ जण पोटासाठी दुरून आलेलेच होते. गुन्ह्याची जबाबदारी ज्याने गुन्हा केला त्याच्यावरच राहते. गरिबीने ती माफ होत नाही. परंतु गुन्हेगाराला थांबविणारा शेजार ज्या वस्तीत निर्माणच होऊ दिला नाही, ती वस्ती वसविणाऱ्यांनी आपण हात धुऊन मोकळे झालो असे समजू नये, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

पुढे दोनच वर्षांनी, १९९४ च्या सप्टेंबरात, तापीच्या पुरापाठोपाठ वेडरोडच्या बाजूला फुप्फुसाच्या प्लेगचे रोगी आढळले. काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडले. त्यांत मजूर होते तसे मालकही होते, आणि दवाखान्यांना कुलपे लावून निघालेले खाजगी डॉक्टरही होते. त्याआधी आपल्या बीड जिल्ह्यात मामला या गावी प्लेगची साथ नोंदली गेली होती, तेव्हा रोग मराठी मजुरांनी आणला असेही बोलले गेले. बोलणाऱ्यांनी वेडरोडची गटारे पाहिली असती तर इतके दूर जाण्याची गरज पडली नसती. सुरतेत सुमारे पन्नास माणसे दगावली. १९९५ मध्ये आलेले आयुक्त एस. आर. राव यांनी शहराची झाडलोट असा काही नेट लावून केली की, वर्षा-दीडवर्षात सुरतेची गणना देशातील स्वच्छ शहरांत होऊ लागली. यातून एक गोष्ट सिद्ध झाली. कडेच्या वस्तीकडे दुर्लक्ष होते ते शक्ती नाही म्हणून नव्हे. रोग तटाच्या आत येतो तेव्हा शक्ती सापडते.

आणि मग २०२० साल आले. मार्चच्या अखेरीस देशभर टाळेबंदी झाली, माग थांबले, मीटरवरची मजुरी बंद पडली आणि मेसचा अन्नाचा हिशेब मात्र चालू राहिला. ज्या खोलीत दोन पाळ्यांची माणसे आळीपाळीने झोपत, तीत आता ती सर्व एकाच वेळी कोंडली गेली. आणि रोग टाळण्यासाठी एकमेकांपासून दूर राहा, असे त्यांना बजावण्यात येत होते. १० एप्रिलच्या रात्री लसकाणा भागात शेकडो मजूर, मुख्यतः ओडिशाचे, रस्त्यावर आले. त्यांनी हातगाड्या व टायर जाळले. थकलेली मजुरी द्या आणि घरी जाऊ द्या, एवढेच त्यांचे मागणे होते. सुमारे ऐंशी जणांना पोलिसांनी ताब्यात घेतले. १४ एप्रिलला वराछ्यात जमाव जमला. मेच्या आरंभी कडोदऱ्याजवळ वरेली येथे पोलिसांशी चकमक झाली. मजुरांच्या खास गाड्या सुटू लागल्या त्या मे महिन्यात.

१६६९ चे वाणी आणि २०२० चे हे गंजामकर यांची तुलना केल्यावाचून राहवत नाही. दोघांचेही मागणे जाऊ देण्याचेच होते. वाण्यांना अडवा असे काजीने सांगितले तेव्हा सुभेदार म्हणाला की, प्रजेला जाण्याचा हक्क आहे. गंजामकरांच्या वेळी अडचण साथीची होती, आणि ती खोटी नव्हती; साथीत लाखो लोकांना प्रवासाला सोडणे हा खेळ नव्हे. परंतु वाण्यांच्या वतीने आंजियरकडे जाण्यास माणसे होती. गंजामकरांच्या वतीने जिल्हाधिकाऱ्याकडे कोण जाणार होते? मालकाने ज्यांना कामगार म्हणून कोठे नोंदविलेच नव्हते, त्यांची संघटना कोठून असणार? वाटाघाटीला बोलवावयाचे म्हटले तरी सरकारला पत्ता सापडला नसता. अशा माणसांचा निरोप पोहोचविण्याचे काम शेवटी जळत्या हातगाडीला करावे लागले.

हे सर्व लक्षात ठेवून बेकायदा परकीयांच्या प्रश्नाकडे पाहिले पाहिजे. २६ एप्रिल २०२५ च्या पहाटे गुजरात पोलिसांनी बांगलादेशी असल्याच्या संशयावरून अहमदाबादेत ८९० आणि सुरतेत १३४ जणांना ताब्यात घेतल्याचे सरकारने जाहीर केले. त्यानंतर दोनच दिवसांनी राज्याच्या पोलीस प्रमुखांनी सांगितले की, राज्यभरात सुमारे ६,५०० जणांना ताब्यात घेतले असून, कागदपत्रांवरून बांगलादेशी असल्याचे सिद्ध झालेले ४५० आहेत. परवान्यावाचून सीमा ओलांडून आलेल्या परकीयास शोधून काढण्याचा आणि परत धाडण्याचा राज्याला हक्क आहे, याविषयी दुमत असू नये. ज्या राज्याला आपल्या हद्दीत कोण आहे हे कळत नाही, ते राज्य फार काळ राज्य राहत नाही. परंतु त्या दोन आकड्यांमधील अंतर कोणी भरून काढले? ते भरून काढले बंगाली बोलणाऱ्या, दाटीच्या वस्तीत राहणाऱ्या आणि हाताशी कागद नसलेल्या माणसांनी. त्यांपैकी कितीतरी जण पश्चिम बंगालचे, म्हणजे या देशाचेच नागरिक होते.

आपल्याकडील कायद्याचे एक वैशिष्ट्य असे की, १९४६ च्या परकीय नागरिकांच्या कायद्यापासून सिद्धतेचा भार संशयितावर टाकलेला आहे, आणि त्या जागी आलेल्या २०२५ च्या कायद्यानेही तो तेथेच ठेवला आहे. आपण परकीय नाही हे त्याने दाखवावयाचे. ज्याच्याजवळ भाडेपावती नाही, कारखान्याचे ओळखपत्र नाही, ज्याचे शिधापत्रक हजार मैलांवरच्या गावी आईच्या पेटीत आहे, त्याने ते कसे दाखवावे? त्याला नोंदीबाहेर ठेवण्यात ज्यांची सोय होती, त्यांनीच त्याला बेकायदा परकीयाच्या शेजारी नेऊन बसविले. आणि खरा बेकायदा परकीयही याच गर्दीत लपतो, कारण लपावयास इतकी चांगली जागा दुसरी नाही. नोंद नसलेल्या देशबांधवांची वस्ती जितकी मोठी, तितके घुसखोरीचे काम सोपे. हे सीमेवर जाऊन नव्हे, उधन्याच्या एखाद्या मेसमध्ये जाऊन समजून घेण्यासारखे आहे.

महाराष्ट्रात बसून हे ऐकणाऱ्यांनी आपले घरही न्याहाळावे. १९६६ मध्ये शिवसेनेची स्थापना झाली तेव्हा मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध जी भाषा बोलली गेली, आणि २००८ मध्ये रेल्वेच्या परीक्षेसाठी आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना जो मार बसला, त्यांत ‘बाहेरचे’ हाच शब्द मुख्य होता. मराठी तरुणाची नोकरीची तक्रार खोटी होती असे मी म्हणणार नाही. पण त्याच काळात धुळ्याचा मराठी तरुण उधन्याच्या मागावर बाहेरचाच होता. २०१८ च्या शरदात उत्तर गुजरातेत एका बालिकेवर अत्याचार झाला. आरोपी बिहारचा होता. आणि काही दिवसांत हजारो बिहारी व उत्तर प्रदेशी मजूर हल्ल्यांच्या भीतीने राज्य सोडून गेले. एका माणसाच्या गुन्ह्याबद्दल साऱ्या प्रांताला दंड, ही रीत एकदा रुळली की ती कोणत्या प्रांतापाशी येऊन थांबेल हे सांगता येत नाही, आणि सुरतेत तर खानदेशच्या माणसांची संख्या लाखांच्या घरात आहे.

सुरतेच्या महापालिकेला या बाबतीत श्रेय द्यावयास हवे. तिच्या प्राथमिक शाळा गुजरातीबरोबरच हिंदी, मराठी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा एकूण सात माध्यमांतून चालतात. आपल्या मुंबईसारख्या मोठ्या महापालिकेचा अपवाद सोडला तर, मजुरांच्या मुलांना त्यांच्या भाषेत अक्षरे गिरवू देणारी शहरे या देशात फार नाहीत. लिंबायतच्या मराठी शाळेत शिकलेला मुलगा पुढे गुजरातीत दुकान चालवितो, गुजरातीत भांडतो आणि मत सुरतेतच देतो. उडिया शाळाही आहेत. परंतु शाळेत घालावयास मूल जवळ असावे लागते; मेसमधल्या गंजामकराचे मूल गंजाममध्येच असते, आणि बाप त्याला भेटावयास जातो तो वर्षाकाठी एकदा, मागाला सुट्टी असेल तेव्हा.